हाताला न येणारी गाणी

पंपवाल्याचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गजर लावावा लागत नसे. साडेतीनला डोळा उघडे, पावणेचारला पाय बुटांत असत आणि चारला पाच कमी असताना पंपघराचं कुलूप निघालेलं असे. गावाला पाणी लागे साडेपाचला. टाकी भरायला सव्वा तास, आणि त्याआधी चार पंप एकामागून एक चालू करायला वीस मिनिटं. घाई केली तर पाइप दणका देतो, सांधे उचकटतात. चौतीस वर्षांत त्याने एकदाही घाई केली नव्हती.

हे काम कानाचं. त्याच्याकडे अडीच फुटांची लोखंडी सळई होती. तिचं एक टोक बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर. आत काय चाललंय ते तिथे कळतं, बाहेरून नाही. चारही पंप त्याला घरच्या माणसांच्या खोकल्यासारखे ओळखू येत. एक नंबर घोगरा. दोन नंबर गोड बोलणारा. तीन नंबर म्हातारा, दमेकरी. चार नंबर नवा होता, त्याचा स्वभाव अजून कळायचा होता. आवाज कालच्यासारखा असला की सगळं ठीक. नवा आवाज आला की बिघाड. बंद करायचं, उघडायचं, बघायचं. त्याच्या धंद्यात नव्या आवाजाला कुणी या बसा म्हणत नाही.

म्हणूनच त्या हिवाळ्यात जे काम अंगावर पडलं ते त्याच्या जिवावर आलं होतं. त्याला घरी नवी गाणी आणायची होती. आधी कधीच न ऐकलेली, आणि संपली की पुन्हा दुसरी, थंडी सरेपर्यंत.

गाणी त्याच्या धाकट्या भावासाठी होती.

धाकटा दिवसा पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कागद कापायच्या यंत्रावर असे आणि संध्याकाळी एका वाद्यवृंदात अकॉर्डियन वाजवी. सगळे त्याला बाजेवाला म्हणत, कारखान्यातसुद्धा. लग्न केलं नव्हतं. थोरल्याकडेच, पाणीखात्याच्या दोन खोल्यांत राहायचा. वहिनी त्या अकॉर्डियनकडे बोट करून म्हणायची, "मला जाऊ मिळाली ती अशी. एका कामाला उठत नाही, नुसती भावजींच्या मांडीवर बसून गाते."

त्या हिवाळ्याच्या दीड वर्ष आधी कारखान्यातल्या मुकादमाने पंपवाल्याला बोलावून घेतलं होतं. कागद कापायचं यंत्र जरा घसटल्यासारखं करतंय, एकदा कान लावून जा. सुट्टीच्या दिवशी पंपवाला गेला. अर्धा तास सळई लावून बसला. आवाज साफ आहे, म्हणाला. आवाज साफच होता. पातं वर अडवून धरणारी एक स्प्रिंग झिजली होती, आणि झिजलेली स्प्रिंग आवाज करत नाही. तीन दिवसांनी पातं खाली आलं, वर गेलं, धाकट्याने गठ्ठा सारखा करायला हात घातला आणि कुणी कळ दाबलेली नसताना पातं पुन्हा खाली आलं. उजवा हात मनगटाच्या वर चार बोटं सोडून गेला.

धाकट्याने भावाला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर पंपवाल्याला सोपं गेलं असतं.

घरात बोलण्याचीही पंचाईत झाली. जरा हात लावा, हातासरशी करून टाका, हातात असतं तर, ही बोलणी किती होती ते वहिनीला तेव्हाच कळलं. ती वाक्य अर्ध्यावर तोडून गप्प बसायची. शेवटी धाकटाच म्हणाला, "बोला हो वहिनी. मी अर्धा हातभार लावीन." ती हसली, मग आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ आली नाही.

जखम भरली. पण गेलेला हात गेला नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं. हात तुटला हे नसांना कळलेलं नसतं. कुणाचं वर्षात थांबतं, कुणाचं जन्मभर राहतं. थंडीत जास्त होईल. गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी धाकट्याला झोप यायची, हाताला यायची नाही.

कारण तो हात नुसता दुखत नव्हता. तो वाजवत होता. ओळखीचं गाणं कानावर पडलं की नसलेली पाच बोटं नसलेल्या पट्ट्यांवर चालू लागत. "बोटं पट्टी शोधतात," धाकट्याने एकदाच नीट सांगितलं. "पट्टी लागत नाही. मग ती वळतात. सरळ करायची कशी, ती नाहीतच." असं म्हणताना त्याच्या कपाळावर घाम होता आणि खोलीत तोंडातून वाफ निघेल इतका गारठा.

त्याला हजारेक गाणी येत होती. हजार गाणी टाळायची म्हणजे किती कष्ट, ते ज्याने केलं त्याला ठाऊक. रेडिओ चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. वहिनीने काम करताना गुणगुणणं सोडलं. शेजारच्या शिंपिणीला जाऊन सांगितलं, तुझा रेडिओ बारीक कर. तिने केला, बिचारीने. शीळ घालत येणाऱ्या पेपरवाल्याला पंपवाल्याने फाटकावर गाठलं. तरी उपयोग नाही. सगळं शांत झालं की हात आपल्या मनाने सुरू व्हायचा. ऐकायला काही नसलं की तो आठवायचा.

उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात. रस्ता असतो, मुलं असतात, दिवस लांब असतो, ढकलता येतो. हिवाळ्यात खिडक्या बंद, साडेपाचला अंधार आणि दोन खोल्यांत तीन माणसं एकमेकांचा श्वास ऐकत बसलेली. पहिला हिवाळा तसा गेला. धाकट्याचे कपडे त्याच्या अंगावर लोंबायला लागले. थंडी सरता सरता एका दुपारी पंपवाला बूट काढत होता तेव्हा तो म्हणाला, "दादा, हा काढला. पुढचा नाही काढणार."

आवाज चढवला नव्हता. दाढी करायची राहिली आहे हे सांगावं तसं सांगितलं. वसाहतीच्या मागे दोनशे पावलांवर गाळ बसवायच्या टाक्या होत्या, चौदा फूट खोल. त्या दिवसापासून टाक्यांच्या फाटकाची किल्ली पंपवाल्याने खुंटीवर टांगली नाही. ती त्याच्या कमरेला असे, अंघोळीच्या वेळीसुद्धा.

पुढची थंडी पडू लागली तेव्हा एक गोष्ट घडली. खिडकीखाली एक मालट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर उतरून कुठे तरी गेला आणि दार उघडंच राहिलं. आत गाणं चालू होतं, कुठल्या मुलखातलं कोण जाणे, भाषाही कळत नव्हती. वहिनी खिडकी लावायला धावली.

"राहू द्या," धाकटा म्हणाला. "थांबलाय."

"ट्रक ना? माझ्या उरावर थांबलाय."

"हात थांबलाय. ऐकतोय तो."

ट्रक पाव तास उभा होता. तो गेल्यावर आणखी दहा मिनिटं हात गप्प होता, मग सुरू झाला. एकूण पंचवीस मिनिटं. दीड वर्षात त्याला जागेपणी एवढी सलग पंचवीस मिनिटं मिळाली नव्हती. वहिनीने रात्रपाळी करून आलेल्या माणसाला झोपू द्यावं तसं त्याला खुर्चीत तसंच राहू दिलं.

पंपवाला संध्याकाळी घरी आल्यावर त्याला हे सांगण्यात आलं. त्याने दोनदा विचारून घेतलं. यंत्राबद्दल विचारतात तसंच: आधी काय, मग काय, किती वेळ. त्याला जे समजलं ते असं. हाताला जे येत नाही ते तो आधी ऐकतो, आणि ऐकत असतो तोवर वाजवत नाही. म्हणजे न येणारं काही तरी सतत पुरवत राहायचं. पाणी पुरवतात तसंच हे. थंडी चार महिने.

माळ्यावरून टेपरेकॉर्डर खाली आला. कॅसेटचं दुकान बाजाराच्या मागच्या अंगाला एका जिन्याखाली होतं. तिथे एक बाई बसे. वय पन्नाशीचं, चष्मा दोरीने गळ्यात, तुटलेल्या फिती जोडण्यात तिची बोटं फार हुशार. कॅसेट विकायची त्याहून जास्त भाड्याने द्यायची. कुणाचं हवंय, तिने विचारलं. कुणाचंही, पंपवाला म्हणाला, फक्त ऐकलेलं नको. तुम्ही काय ऐकलंय ते मला स्वप्नात दिसणार का, ती म्हणाली. मग त्याने पिशवीतून सळई काढली, तेव्हा ती स्टुलावरून उठलीच.

"मिस्तरी, नसेल आवडलं तर दुसरं दाखवते. मारता कशाला?"

त्याने सळई तिच्या टेपच्या खोक्यावर टेकवली, दुसरं टोक कानामागे धरलं आणि म्हणाला, लावा. एक एक लावत गेली. तो घड्याळ बघून ठोके मोजायचा. मिनिटाला किती, पुढच्या मिनिटाला किती. ठोका डळमळला की कॅसेट परत. सूर खरखरला, परत. मध्येच चाल बदलली, परत. माल तपासून घ्यायचा हे त्याला ठाऊक होतं आणि तो त्याने तपासून घेतला. तीन कॅसेट निवडायला दोन तास लागले. गाणी निवडायला कसले आले कष्ट असं ज्याला वाटत असेल त्याने दिवसाची पाळी करून दोन तास जिन्याखाली वाकून उभं राहून बघावं.

पहिल्या तीन कॅसेटवर चार दिवस निघाले. चार दिवस हात ऐकत होता. धाकटा दोन वेळा पोटभर जेवला. पाचव्या दिवशी दुपारी त्याने मान हलवली. "आली त्याला," म्हणाला. वहिनीने कळ दाबली.

पुढच्या तीन कॅसेट तीन दिवस टिकल्या. त्यापुढच्या दोन. पंपवाला आता आठवड्यातून दोनदा जिन्याखाली जाऊ लागला. कॅसेटसाठी म्हणून त्याने रविवारी गाळणीच्या टाक्यांची जादा पाळी मागून घेतली. गुडघाभर गार पाण्यात उभं राहून फावड्याने वरची वाळू खरवडायची, ती घमेल्याने बाहेर टाकायची, एका टाकीला पाच तास. त्या पाळीला तरुण पोरंही तोंड वाकडं करतात. तो तिथून निघून, पायांना जाणीव यायच्या आत दुकानात उभा असे आणि तितक्याच बारकाईने ठोके मोजून घेई. जितकी नेटकी कॅसेट निवडावी तितकी ती लवकर संपायची. हे त्याला दिसत होतं. कळत नव्हतं.

मग एका संध्याकाळी तो घरी आला तर टेप बंद होता. धाकटा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याने उजवा थोटा हात अकॉर्डियनच्या खांद्याच्या पट्ट्याने पलंगाच्या गजाला आवळून बांधला होता. एका हाताने आणि दातांनी बांधला होता, आणि गाठ पक्की होती. वहिनी दाराशी बसून होती.

"सकाळी लावलेली दुपारी आली त्याला," ती हळू आवाजात म्हणाली. "मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका."

पंपवाल्याने पट्टा सोडवला. कातड्यावर पट्ट्याच्या शिवणीचे ठसे उठले होते.

दुसऱ्या दिवशी दुकानातली बाई म्हणाली, मिस्तरी, आता माझ्याकडे तुम्हाला द्यायला काही नाही, माझ्या पोटावर पाय आणायचा नव्हता पण खरं ते सांगते. आणि मग तिने विचारलं की एवढी गाणी जातात कुठे. त्याने घराबाहेर कुणाला हे सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं. उभ्याउभ्या, पाच-सहा वाक्यांत. ती चष्मा पुसत राहिली.

"तुम्ही नेलंत ते सगळं एकच आहे," ती शेवटी म्हणाली. "भाषा वेगळी, वाद्यं वेगळी. चाल बघा ना. टक टक टक टक. तुम्ही गाणी नाही नेत मिस्तरी, पंप नेता."

तिने सगळ्यांत खालचा खण ओढला आणि एक कॅसेट लावली. तंतुवाद्यं असावीत. एक घुमणारा खालचा सूर आला आणि जिथे दुसरा यायला हवा तिथे काहीच आलं नाही. मग एक ठोका. बराच वेळ नाही. मग दोन लागोपाठ, तेही एकमेकांच्या पायात पाय अडकल्यासारखे. पंपवाल्याचा हात आपोआप पुढे गेला आणि त्याने कळ बंद केली. चौतीस वर्षांची सवय होती. असा आवाज आला की तिसऱ्या ठोक्याच्या आत बंद करायचं.

"बिघडलंय," तो म्हणाला.

"बिघडलेलं नाही. असंच आहे ते." तिने पुन्हा लावलं. "लोकांनी बसून, तालीम करून वाजवलंय. का, ते मला विचारू नका. सहा वर्षांत कुणी नेलं नाही."

तो ऐकत उभा राहिला. ऐकवत नव्हतं. दाढा आवळल्या गेल्या होत्या. आणि तसं उभं असतानाच त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सरळ, एकसारखा ठोका म्हणजे शिकायला सगळ्यांत सोपा. दोन महिने तो गार पाण्यात उभं राहून, घड्याळ लावून, अगदी पारखून, त्या हाताला वाजवायला सोयीचं तेच घरी नेत होता. त्याचे कष्ट कमी पडले नव्हते. ते उलटे लागले होते. असे कष्ट माणसाला फार थकवतात.

ती कॅसेट घरी लागली तेव्हा वहिनी आतून म्हणाली, काय पडलं? दुसऱ्या दिवशी तिने कानात कापूस घातला आणि त्यानंतर तिच्याशी बोलायचं तर समोर जाऊन बोलावं लागे. पण हात गप्प झाला. चार दिवस, आठ दिवस, दोन आठवडे. धाकटा झोपू लागला. डाव्या हाताने शेंगा सोलू लागला, चिडवू लागला. "हात वैतागलाय दादा," तो म्हणाला. "त्याला वाटतं आता आलं, आता आलं. आणि ते येतच नाही. बरं झालं, लई वाजवत होता."

पंपवाला घरात असे तेवढा वेळ ती कॅसेट चालू असे. तो तिच्यासोबत जेवला, तिच्यासोबत दुपारची झोप काढली. आधी दाढा आवळायच्या, मग आवळेनाशा झाल्या. मग केव्हा तरी त्याचाही कान पुढचा ठोका कुठे पडतो ते बघत थांबू लागला. हे त्याला नको होतं. पण कान काही विचारून शिकत नाही.

एका पहाटे, चार पंप चालू होऊन पाव तास झाला असेल, तीन नंबरच्या आवाजात एक ठोका आला. मग काही नाही. मग एक. मग दोन लागोपाठ. सळई कानामागे होती. आदल्या वर्षी असं झालं असतं तर त्याचा हात आपोआप कळीवर गेला असता. त्या पहाटे तो तसाच उभा राहिला आणि पुढचा केव्हा येतो याची वाट बघितली. पुढचा आला तो चरचरत आला. बेअरिंग जळून शाफ्टला चिकटलं. पंपघरात निळा धूर भरला. गावाच्या खालच्या अंगाला दोन दिवस पाणी गेलं नाही. बाया हंडे घेऊन फाटकाशी आल्या आणि बोलायचं ते बोलल्या.

इंजिनिअर तरुण होता आणि त्याला मान देणारा होता. त्याने चौकशीचा कागद समोर ठेवला आणि स्वतःच वाट काढून दिली. काका, वय होतं, कान मंदावतात, तसं लिहू या का? ऐकू आलं नसेल तुम्हाला. तसं लिहिलं असतं तर निभावलं असतं. पंपवाल्यांना निवृत्तीनंतर आणखी एक वर्ष ठेवून घ्यायची रीत होती, तेही मिळालं असतं, दुसऱ्या हलक्या कामावर.

"ऐकू आलं," पंपवाला म्हणाला. "ऐकत राहिलो."

इंजिनिअरला ते लिहिता येईना. शेवटी हलगर्जी लिहिलं. आपल्या कानाला कुणी बहिरा म्हणावं हे पंपवाल्याला चाललं नाही, आणि त्या एका वाक्यावर वाढीव वर्ष गेलं. दोन महिन्यांनी निवृत्ती, आणि निवृत्तीबरोबर दोन खोल्याही सोडायच्या.

वहिनीने कानातला कापूस काढून सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीतले कुठले खिळे आपले आणि कुठले खात्याचे, एवढंच म्हणाली. ती नवऱ्याशी चार दिवस धड बोलली नाही. धाकट्याला काय घडलं ते तिनेच सांगितलं असावं, कारण एका दुपारी त्याने स्वतः उठून टेप बंद केला. "नको आता," म्हणाला. "तसंही कालपासून पहिली बाजू आलीय त्याला."

तेविसावा दिवस होता. पंपवाल्याने यावर बराच विचार केला. कॅसेट कितीही वेडीवाकडी असली तरी दर वेळी तशीच वेडीवाकडी असते. तोच ठोका तिथेच चुकतो. हाताने ते वेडेपणही पाठ केलं. बाईकडे त्या जातीच्या आणखी दोनच होत्या. एक अठरा दिवस गेली, दुसरी अकरा. थंडी अजून होती. पट्टा वहिनीने कुठे लपवला होता ते ती कुणाला सांगत नव्हती.

त्या दिवसांतच घरं बघायला सुरुवात झाली. फंडाचे पैसे येणार होते, त्यांत बसेल असं काही. वहिनीला शांत जागा हवी होती, ऊन येणारी, जिना नसलेली. एवढं मागायचा तिला हक्क होता. दलालाने तशीच दाखवली. गल्लीच्या टोकाला, समोर झाड, इतकी शांत की नळाचा थेंब पडलेला ऐकू यावा. वहिनी खिडकीत उभी राहिली आणि बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला. मग तिने मागे वळून बघितलं. धाकट्याने थोटा हात काखेत दाबून धरला होता आणि तो झाडाकडे बघत होता. आत येऊन पाच मिनिटंही झाली नव्हती.

"नको ही," ती म्हणाली.

दलालाला वाटलं भाव पाडताहेत. त्याने झाडाचं पुन्हा कौतुक केलं. ती बाहेर पडली होती.

आणखी तीन जागा बघितल्या. पाचवी दलाल दाखवणारच नव्हता. तिच्यावरून पुढे जायचं होतं. ती भंगाराच्या आवाराला लागून होती, भिंतीला भिंत. आवारात गाड्या रिकाम्या होत होत्या. पत्रे पडत होते, पाइप घरंगळत होते, दातेरी चाकं, साखळदंड, पलंगांच्या स्प्रिंगा. काय कधी पडेल, किती उंचीवरून, कशावर, याला काही धरबंध नव्हता. धाकटा रस्त्यात थांबला. ही बघू, म्हणाला.

आत जाऊन तो आवाराकडच्या खिडकीशी उभा राहिला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. दलाल ओरडून बोलत होता, चला ना साहेब, पुढे चांगली आहे एक. पंपवाला खिडकीकडे बघत नव्हता, भावाच्या उजव्या बाहीकडे बघत होता. बाही सैल लोंबत होती.

"काय?" त्याने भावाच्या कानाशी जाऊन विचारलं.

"ऐकतोय," धाकटा म्हणाला. "दादा, हे दुसऱ्यांदा तसंच पडत नाही."

पंपवाला खाली आवारात गेला आणि तिथल्या वजनवाल्याला वेळा विचारून आला. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. मध्ये जेवणाचा तास. रविवारी बंद. घरमालक म्हातारा होता. हे तिघं खिडकी उघडी ठेवून बोलताहेत हे बघून त्याने समजून घेतलं की बहिरे असणार, आणि तो खुणा करून भाव सांगू लागला. पडता भाव होता.

"अहो, मला वेड लागेल इथे," वहिनी म्हणाली.

ते खरं होतं, हे पंपवाल्यालाही दिसत होतं. ती दोन्ही खोल्यांतून फिरली. भिंतीवर हात ठेवून बघितलं. भिंत थरथरत होती. मग म्हणाली, निदान ओटा मागच्या खोलीत करून घ्या. पुढच्या हिवाळ्याबद्दल धाकटा काही म्हणाला नाही. हो नाही की नाही नाही. त्याने फक्त विचारलं की खुर्ची खिडकीशी ठेवता येईल ना.

चौतीस वर्षांचा फंड, शिल्लक रजेचे पैसे आणि वाळू उपसून जमलेलं थोडं, सगळं त्या दोन खोल्यांत गेलं. तिथे रात्री हात वाजतो. रविवारी वाजतो. वजनवाला जेवायला बसला की तासभर वाजतो. बाकीचा, हात गप्प असतो तो वेळ चौतीस वर्षांच्या त्या पगारातून आला. सोमवार ते शनिवार, दिवसाचे नऊ तास.